नऊ नंबरचा रूल

सोलापुरात साखर कारखान्याच्या ऑफिसात जाऊन 'वेणीमाधव कुठं बसतात?' असं विचाराल तर शिपाई तुमच्या तोंडाकडे बघत राहील. वेणूकाका म्हणा, लगेच बोट दाखवील: जिन्याखालची ती एसीची खोली. ऑफिसात एक एसी एमडीसाहेबांच्या केबिनला आणि दुसरा या खोलीला, तोही काकांसाठी नव्हे, सर्व्हरसाठी. काका आपले फुकटात गार. बाहेर सोलापूर भाजून निघत असायचं आणि काका आत स्वेटर घालून बसलेले असायचे.

कारखाना तिकडे लांब, उसाच्या रानात. पण उसाची वजनं, शेतकऱ्यांची बिलं, कामगारांचे पगार, सगळं येऊन पडायचं ते या खोलीतल्या सर्व्हरवर. काका मुळात टायपिस्ट म्हणून लागले होते. कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरचे टायपिस्ट हबकून गेले. काका मात्र मॅन्युअल उशाशी घेऊन झोपायला लागले. कुणी शिकवलं नाही, कुणी क्लासला पाठवलं नाही. चुकत, बोलणी खात, पुन्हा करत माणूस सर्व्हरवाला झाला. त्याचा त्यांना गर्व होता. असायचाच की! फक्त गर्वाबरोबर जीभही तिखट झाली होती, आणि ऑफिसात नव्यानं आलेल्या प्रत्येकाला ती एकदा तरी लागायचीच.

फायरवॉल म्हणजे काय, हे तर काका न विचारता सांगत. "अपार्टमेंटचा वॉचमन बघितलाय ना? त्याला सांगून ठेवतो आपण: दूधवाला आला तर सोड, कामवाली आली तर सोड, बाकी कुणी आलं तर दारातनंच कटव. ते प्रत्येक सांगणं म्हणजे एक रूल. एकाखाली एक, प्रत्येकाला नंबर." मग खुर्ची पुढं ओढून मुख्य गोष्ट यायची. "एक रूल काढला की खालचे सगळे एकेक नंबर वर सरकतात. रेशनच्या रांगेतनं एक जण उठला की मागचे पुढं येतात, तसं. म्हणून दोन-चार रूल काढायचे असले तर खालनं काढत वर यायचं. वरनं काढत खाली गेलास की मेलास! तू काढशील आपला नऊ नंबर म्हणून, आणि जाईल भलताच बिचारा."

हे ऐकवून ऐकवून काकांचं तोंड दुखलं नव्हतं, ऐकणाऱ्यांचे कान किटले होते. आणि अहो, हेच काका तेच करून बसले.

त्या रूलांमध्ये एक रूल होता बाहेरच्या काट्याचा. उजनी धरणाच्या काठच्या एका गावात कारखान्यानं वजनकाटा बसवला होता. तिकडचा ऊस तिथंच जोखायचा, वजन थेट सोलापूरच्या सर्व्हरवर पडायचं आणि शेतकऱ्याच्या हातात जागच्या जागी छापील पावती यायची. काटा सांभाळायला बिरुदेव. मूळचं मंगळवेढ्याकडच्या माळावरचं धनगराचं घर. बाप मेंढरं घेऊन धरणाकाठी यायचा, तिकडेच राहून गेला. आता बाप नाही, आई गोजाबाई आणि हा. बारावी झाला आणि काट्यावर लागला.

काट्यावरच्या माणसाचं जिणं मोठं अवघड. ऊस पिकवणारा वर्षभर राबतो आणि शेवटी त्याचं सगळं नशीब त्या लोखंडी पाटावर उभं राहतं. तिथं कुणी वजनात मारलं की 'काटा मारला' म्हणतात, आणि आपल्याकडे त्याच्याएवढी घाण शिवी नाही. चोराला एक वेळ गाव चहा पाजील, काटामाराला नाही. त्यात हातानं लिहिलेल्या पावत्यांनी पूर्वी फार घोळ झाले होते, म्हणून कारखान्यानं जाहीरच केलं होतं: छापील पावतीशिवाय व्यवहार नाही. बिरुदेवाला ही शिवी कधी लागली नव्हती. छापील पावती देताना तो वजन मोठ्यानं वाचून दाखवायचा, म्हाताऱ्यांना दोनदा. काकांवर त्याची भारी भक्ती. काही अडलं की फोन. काका तिकडून दोन शब्द सुनावत आणि काम करून देत. भेट वर्षातनं एखादी, पण "आमचे काका" म्हणून गावभर नाव सांगत फिरायचा.

जानेवारीत गड्डा जत्रा आली. देवाच्या लग्नात अक्षता पडतात त्या दिवशी सोलापुरात कुठलं ऑफिस आणि कुठलं काय! अर्ध्या दिवसानं सगळे पांगायचे. काका आणि रुक्मिणीकाकू लग्न झाल्यापासून एकही अक्षता चुकलेले नव्हते. पण साहेबांनी नेमकं त्या सकाळी सांगितलं, ऑडिटवाले येणार आहेत, सर्व्हरवर जुन्या लोकांचे रूल पडून असतील ते काढून टाका. काढायचे होते दोनच. चार नंबर आणि नऊ नंबर. नऊ नंबर होता बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याच्या घरचा. आणि चार नंबर होता एका सॉफ्टवेअर कंपनीचा, जिच्याशी काकांचं कडाक्याचं वाजलं होतं. त्या कंपनीच्या एका पोरानं भर मीटिंगमध्ये काकांना "अंकल, तुम्हाला नाही समजणार ते" म्हटलं होतं. ती कंपनी गेली, पण रूल राहिला होता, आणि दर वेळी दिसला की काकांच्या कपाळावरची शीर उडायची.

आता खालनं वर यायचं म्हणजे आधी नऊ, मग चार. पण काकांचा हात वळला आधी चारकडे. "तू हो आधी चालता!" असं चक्क मोठ्यानं बोलले ते. चार नंबर गेला. काय समाधान वाटलं म्हणता! तेवढ्यात काकूंचा फोन: "अहो, मी चौकात येऊन उभी आहे, रिक्षा मिळत नाहीये, गर्दी किती झालीय." काका फोन खांद्यात धरून उठलेच. उठता उठता त्यांनी नऊ टाइप केलं. मशीन बिचारं शहाणं. काढण्याआधी तो रूल पूर्ण लिहून दाखवतं आणि विचारतं, काढू ना? काकांनी वाचलं नाही. हो म्हणून टाकलं. दिवा मालवला, खोलीला कुलूप लावलं.

चार नंबर गेल्यावर नऊचा आठ झाला होता आणि दहाचा नऊ. काकांनी काढला तो दहा. तो बिरुदेवाच्या काट्याचा होता.

जत्रेत माणसांचा समुद्र, 'हर्र बोला हर्र'चा गजर, नंदीध्वज, सगळ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी. काका अक्षता मुठीत धरून टाचा उंचावून उभे. खिशात फोन थरथरला. बिरुदेव. काकांनी कट केला. परत थरथरला. "आज कसला काटा नि बिटा," असं म्हणून त्यांनी तो काकूंच्या पर्समध्ये टाकला आणि मोठ्या आनंदानं अक्षता उधळल्या.

तिकडे धरणाकाठी बिरुदेवाच्या काट्यावर वजन दिसत होतं पण सर्व्हर घेत नव्हता, आणि सर्व्हरनं घेतल्याशिवाय पावती छापत नव्हती. ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत गेली. ऊस उन्हात. उन्हात ऊस वाळतो, वजन उतरतं, ते कुणाचं जातं? शेतकऱ्याचंच. पोरानं काकांना फोन लावून लावून बघितला आणि शेवटी लोकांची कणव येऊन हातानं पावत्या लिहायला घेतल्या. झालं! चार पावत्या झाल्या असतील नसतील, कुणीतरी ओरडलं, "हातानं लिवतोय रे! काटा मारतोय!" कॉलर धरली, ढकलाढकली झाली, एकानं मोबाइलवर सगळं घेतलं. संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरलं. खाली लिहिलेलं: काटामार सापडला.

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात आले तेव्हा शिपायानंच ते दाखवलं. व्हिडिओत बिरुदेव कान झाकून उभा होता आणि कुणीतरी त्याला मागनं टपल्या मारत होतं. काका किल्ली घेऊन धावले. खोली उघडली, यादी काढली, आणि बसल्या जागी कळलं. बदलून गेलेला तो अधिकारी आठ नंबरवर मजेत बसलेला. बिरुदेव नाहीच.

रूल परत घालायला असा कितीसा वेळ लागतो? नुसता घातला असता तर तो यादीच्या तळाला बसला असता. ऑडिटवाल्यांनी बघितलं असतं, हा नवा कधी आला म्हणून विचारलं असतं. काकांनी तो तळाला जाऊ दिला नाही. नंबर देऊन मधेच, जिथनं गेला होता तिथं, घुसवला. मग अधिकाऱ्याचा काढला, या वेळी शब्द न् शब्द वाचून. यादी अशी दिसायला लागली जशी काही झालंच नाही. हे करताना काकांनी दोनदा दाराकडे बघितलं. पण केलं. तिकडे काटा आपोआप सुरू झाला.

थोड्या वेळानं शहाजीराव साहेबांनी, म्हणजे एमडींनी, केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचा चेहरा लाल. चेअरमनचे फोनवर फोन येत होते. "काका, एकच सांगा. काल दुपारी आपला सर्व्हर चालू होता का बंद?"

काका म्हणाले, "सर्व्हर चालू होता, साहेब."

वाक्य खरं होतं हो! सर्व्हर एक क्षणही बंद पडला नव्हता. पण त्या वाक्याचा अर्थ काय निघणार हे समोरच्याला कळायच्या आधी काकांना कळलेलं होतं. साहेब म्हणाले, "म्हणजे त्यानं वायर काढून ठेवली आणि हातानं लिहीत बसला. मला वाटलंच." काका उठले. केबिनच्या दारापर्यंत आले, थांबले, मुठीत कडी धरली, आणि गेले. दुपारी बिरुदेव सस्पेंड झाल्याचा कागद निघाला.

त्या दिवसापासून काकांना अन्न गोड लागेना. आधी त्यांनी स्वतःची समजूत घालून पाहिली. चौकशी होईल, काही सापडणार नाही, सोडून देतील पोराला. मग वाटायला लागलं, आपल्या निवृत्तीला थोडंच राहिलंय, या वयात नाचक्की कशाला? ज्यांना ज्यांना आपण खालनं वर यायचं म्हणून ऐकवलं, ते सगळे हसतील. खरं कारण ते होतं. नोकरीची भीती नव्हती, हसण्याची होती. स्वतःच्या मनाशी हे कबूल केलं तेव्हा काकांना स्वतःची किळस आली.

आणि मग बिरुदेवाचा फोन आला. काकांनी घ्यायचा नाही म्हणता म्हणता घेतला.

"काका, जेवला न्हवं?" हे पहिलं वाक्य. "काका, तुमी तेवडं सायबास्नी सांगा की, म्या वायर काडली न्हाय. तुमाला मशीनमदलं समदं कळतंय. हितं लोक लई वंगाळ बोलायल्यात. हाटेलात च्या देत न्हाईत. घरात आयबी बोलंना झाली."

"बघतो," काका म्हणाले.

"तुमी हाय म्हनून धीर हाय बगा," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. काका हातातला फोन बघत राहिले. बघतो! काय बघणार होते, कपाळ?

रुक्मिणीकाकूंच्या नजरेतनं हे सुटणं शक्यच नव्हतं. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं असताना हा माणूस बोटानं चटणी इकडची तिकडे करतोय, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. तिनं ताट सरकवलं आणि म्हणाली, "बोला आता." काकांनी सगळं सांगितलं. फोन पर्समध्ये टाकल्याचंही. काकूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जत्रेच्या दिवशी झाली ती चूक, कुणाच्याही हातनं होईल. पण साहेबांपुढं बोललात त्याला मी चूक म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका." आणि ताट उचलून आत गेली. काकांशी ती एवढं कठोर कधी बोलली नव्हती. काकांना ते लागलं, आणि लागलं ते बरंच झालं असंही वाटलं.

चौकशी साहेबांच्याच केबिनमध्ये होती. साहेब, शेतकी अधिकारी, आणि जाणकार म्हणून काका. काका ठरवूनच आले होते, सांगायचं म्हणून. खिशात हात घालून, मनातल्या मनात वाक्यं जुळवत बसले होते. बिरुदेव आत आला. इस्त्रीचा सदरा, दाढी वाढलेली, गालफाडं बसलेली. त्यानं काकांना हात जोडले आणि ओळखीचं हसला. ते हसणं बघून काकांची जुळवलेली सगळी वाक्यं विस्कटली.

साहेबांनी विचारलं, "सर्व्हर चालू होता असं काका सांगतात. बोल, काय म्हणायचंय तुला?"

बिरुदेव खाली बघून म्हणाला, "सायेब, म्या लई इचार केला. मशीन खोटं बोलत न्हाय. काका सांगत्यात सर्व्हर चालू हुता, म्हंजे चालूच असनार. काका खोटं बोलायचं न्हाईत. मग माजाच पाय वायरवर पडला असंल. ध्यानात न्हाई आलं. मुद्दाम न्हाय केलं सायेब, पर चूक माजीच असनार. लिवून देतो म्हना."

साहेबांनी मान हलवली आणि कागद पुढं ओढला. खरंच ओढला हो. शेतकी अधिकाऱ्यानं पेनचं टोपण काढलं.

"नको," काका म्हणाले. त्यांनी कागदावर हात ठेवला. "लिहून घेऊ नका. त्याचा पाय-बिय काही नाही. मी केलं." मग ते सुटलेच. चार नंबर, नऊ नंबर, वरनं खाली, न वाचता म्हटलेलं हो, जत्रेत कट केलेला फोन, दुसऱ्या दिवशी गुपचूप मधे घुसवलेला रूल. काही हातचं राखलं नाही. साहेब थक्क होऊन ऐकत होते. "आणि मला सांगितलंत सर्व्हर चालू होता म्हणून?"

"होता साहेब. फक्त बिरुदेवासाठी दार बंद होतं, आणि ते मी लावलं होतं. ते मी सांगितलं नाही."

साहेब संतापले. एवढ्या वर्षांचा माणूस म्हणून शिव्या गिळल्या, एवढंच. सर्व्हरच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवा म्हणाले. काकांनी ठेवली. ठेवताना वाईट वाटलं नाही, हलकंही वाटलं नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. बिरुदेव त्यांच्याकडे बघत होता, आणि आता हसत नव्हता.

"म्हंजे तुमाला पयल्याच दिशी ठावं हुतं?"

"हो."

"म्या फोन केला, तवाबी?"

"तेव्हाही."

पोरानं काकांवरची नजर काढली. साहेब त्याला म्हणाले, उद्यापासून काट्यावर जा, आम्ही गावात नोटीस लावतो, पगार कापणार नाही. त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. खिशातनं मोबाइल काढला, नंबर लावला, आणि काकांच्या पुढं धरला. "माजी आय हाय. तिला तुमी सांगा. माजं तिला पटंना झालंय."

काकांनी सगळ्यांसमक्ष तो फोन कानाला लावला. पलीकडे शेरडांचं बें बें ऐकू येत होतं. म्हाताऱ्या बाईचा आवाज: "कोन?"

"मी सोलापूरच्या ऑफिसातनं वेणीमाधव बोलतोय, आजी."

"काका व्हय? बिरू लई नाव घेतो की तुमचं."

काकांनी डोळे मिटले. "आजी, बिरुदेवानं काटा मारला नाही. त्यानं काहीच केलं नाही. चूक माझी होती. मला पहिल्या दिवसापासनं माहीत होती आणि मी बोललो नाही."

 शेरडं तेवढी ओरडत राहिली. काकांना वाटलं तिनं फोन खाली ठेवला. मग गोजाबाईचा आवाज आला, पण तो काकांशी बोलत नव्हता, स्वतःशीच बोलल्यासारखा होता.

"म्या त्येला बिरोबापुडं भंडारा उचलाया लावला वो. माज्या पोटच्या लेकाला. त्यानं उचलला, शपथ घेतली, रडला, तरीबी मला खरं वाटंना. म्या त्येच्या हातचं पानी घेत न्हवते."

काका "आजी, आजी" करत राहिले.  बिरुदेवानं हात पुढं केला, काकांच्या हातातनं फोन काढून घेतला आणि "येतो गं म्या घरी," असं म्हणत केबिनच्या बाहेर गेला.